डिस्चार्ज मिळाला, पुढचं कोण ठरवणार? मनोरुग्णालाही विचारणं कायद्याने बंधनकारक

मनोरुग्णालयातून घरी सोडताना डॉक्टर सहसा कोणाशी बोलतात? भावाशी, वडिलांशी, नाहीतर गाडी घेऊन आलेल्या मामाशी. गोळ्या किती, पुन्हा कधी आणायचं, सगळं त्यांनाच सांगितलं जातं. ज्याच्याबद्दल हे चाललंय तो शेजारी पिशवी घेऊन बसलेला असतो. २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये ही पद्धत बसत नाही.

कलम ९८ काय सांगतं?

रुग्णाला घरी सोडताना किंवा दुसरीकडे हलवताना मनोविकारतज्ज्ञाने खुद्द रुग्णाशी चर्चा करायची. त्या चर्चेत रुग्णाचा नामनिर्देशित प्रतिनिधी, तो ज्यांच्याकडे राहणार ते नातेवाईक आणि पुढे उपचार करणारे डॉक्टरही हवेत. त्यातून पुढच्या उपचारांचा आराखडा तयार व्हायला हवा. हा नियम प्रत्येक डिस्चार्जला लागू आहे.

गावात याचा अर्थ काय?

उरण-पनवेल पट्ट्यातलं चिरनेर घ्या. समजा, इथला एक तरुण ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातून घरी येतोय. या भागात कंटेनर यार्डांची कामं आहेत, तीही पाळ्यांची. घरच्यांना वाटतं, आता त्याने कामावर जाऊच नये. त्याला जायचंय, फक्त रात्रपाळी नको, कारण रात्रीच्या गोळीने झोप येते. हे आधी विचारलं तर गोळीची वेळ बदलता येते का ते पाहता येतं, दिवसपाळीसाठी बोलता येतं. नाही विचारलं तर तो मिळेल ती पाळी धरतो आणि जागं राहण्यासाठी गोळी सोडतो. काही दिवस बिघडत नाही, म्हणून घरालाही वाटतं की गोळी लागतच नव्हती. मग आजार उलटतो.

दुसरा प्रश्न खाड्याचा. औषधासाठी ठाण्याला जायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली. आवश्यक औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सरकारी रुग्णालयांत मोफत मिळावीत, असं हाच कायदा सांगतो. त्यामुळे जवळ कुठे औषध मिळेल, हे घरी निघण्याआधीच विचारून घेतलेलं बरं.

‘त्याला काय कळतंय?’

हा घराघरातला आक्षेप. कलम ४ नुसार रुग्णाचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून त्याला निर्णयक्षमता नाही असं ठरत नाही. प्रतिनिधी नेमणंही अवघड नाही. साध्या कागदावर नाव लिहून सही किंवा अंगठा पुरतो. ती व्यक्ती सज्ञान आणि तयार हवी. बहीण चालेल, मित्रही चालेल.

रायगडमध्येच कर्जतला ‘श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन’ रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवते. या कामासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. इथे कागदपत्रं नसतात, सोबत नातेवाईक नसतात. उपचारांनी फरक पडू लागला की रुग्णच गावाचं, घरच्यांचं नाव सांगतो आणि तिथून घराचा शोध सुरू होतो.

आराखडा न करताच सोडलं तर?

आधी रुग्णालयाच्या प्रमुख वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे तक्रार करावी. समाधान झालं नाही तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जाता येतं. घरी आल्यावर त्रास वाढला तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. रुग्ण स्वतःही फोन करू शकतो, मराठीत बोलता येतं.