शाल विणली, हाती आला चहा!

थंडी तोंडावर आली की आपल्या वस्तीतल्या भगिनी सुया आणि लोकर बाहेर काढतात. कुणी बाळाची टोपी विणते, कुणी सासूसाठी शाल. काही जणी चार पैसे मिळावेत म्हणून दुकानदाराचे काम घरी आणतात. अशा भगिनींसाठी आम्ही आज स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवरची हकिकत देत आहोत.

ही बेटे थंड आणि सोसाट्याच्या वाऱ्याची. तिथल्या लहान चणीच्या मेंढ्यांची लोकर फार मऊ. उन्हाळ्याच्या तोंडी ती सैल झाली की कात्री न लावता हातानेच उपटून घेत. मानेजवळची लोकर सर्वांत तलम. तिची शाल इतकी नाजूक होई की अंगठीतून आरपार निघे. रोजच्या वापराच्या जाडसर शालीला ‘हॅप’ म्हणतात. मधे साधा चौकोन, भोवती लाटांची जाळीदार किनार, कडेला दातेरी झालर. दोन टाके एकत्र विणून एक कमी करायचा आणि सुईवर दोऱ्याचा वेढा घेऊन एक वाढवायचा, म्हणजे जाळी पडते. मग शाल धुऊन चौकटीवर ताणून वाळवायची, की नक्षी उठून दिसते. जाळी असूनही ऊब मिळते, कारण लोकरीच्या तंतूंत हवा अडकून राहते.

पाठीवर जळणाची टोपली घेऊन वाट चालतानाही या स्त्रियांचे हात विणतच असत. कमरेला चामड्याचा भोकांचा पट्टा, त्यात सुईचे टोक रोवलेले.

एवढ्या कष्टाचे मोल मात्र रोख मिळत नसे. व्यापारी शाल घेई आणि बदल्यात आपल्याच दुकानातला चहा किंवा कापड देई. कधी चिठ्ठी देई. तीही त्याच दुकानात चाले. घरात पीठ नाही आणि हाती चहाची पुडी! मग ती पुडी कमी भावात विकून पीठ आणावे लागे.

१८७२ साली विल्यम गथ्री या सरकारी आयुक्तांनी शेटलंडमध्ये या व्यवहाराची चौकशी केली. विणणाऱ्या स्त्रियांनी समोर बसून साक्षी दिल्या. त्यांचे शब्द अहवालात छापले गेले आणि आजही वाचता येतात. १८८७ साली मजुरी वस्तूंच्या रूपाने देण्याविरुद्धचा कायदा विस्तारला. तरी ही चाल लगेच मोडली नाही.

भगिनींनो, यातून एक गोष्ट आपण घ्यावी. कला कितीही बारीक असो, हिशेब दुसऱ्याच्या वहीत राहिला तर भावही दुसराच ठरवतो. घरी काम आणाल तेव्हा लोकर तोलून घ्या. किती दिवस लागले, किती नग दिले, किती रुपये आले, हे आपल्या वहीत मांडा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या लेकीला लिहायला बसवा. तिलाही आईच्या कामाची किंमत कळेल.