फडाची मालकीण विठाबाई

गुढीपाडवा जवळ आला की नारायणगावात तमाशाच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच यात्रेची सुपारी द्यायला येतात, फडांचे भाव ठरतात. जुन्नर तालुक्यातील या गावाला लोक 'तमाशाची पंढरी' म्हणतात. हा लौकिक वाढविण्यात ज्यांचा मोठा वाटा, त्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची आठवण आम्ही आज जागवीत आहोत.

१९३५ साली पंढरपूरला त्यांचा जन्म झाला. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा फड होता. फडाच्या नावातच जातीचे नाव होते. ज्या समाजाला गावच्या पाणवठ्यावर मज्जाव, त्याच समाजाच्या लेकीचा नाच पाहायला अवघा गाव लोटायचा! ही विसंगती आम्हाला आजही बोचते.

पुढे विठाबाई स्वतः फडाच्या मालकीण झाल्या. फड म्हणजे नुसता नाच नव्हे. ढोलकी, हलगी, पेटी वाजविणारे, नाचणाऱ्या मुली, सोंगाडे, स्वयंपाकी, तंबू ठोकणारे अशी कितीतरी पोटे त्यावर असतात. दसऱ्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंत हंगाम. कलावंतांना आधी उचल द्यायची. पावसाने खेळ बुडाला तरी माणसे पोसायचीच. एवढा गाडा एका बाईने हाकला.

भरल्या दिवसांत त्या बोर्डावर उभ्या राहिल्या. खेळ चालू असतानाच कळा आल्या. पडद्यामागे जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला आल्या, असे सांगतात. ऐकणारे या धाडसाचे कौतुक करतात. बाळंतिणीला दोन दिवस विसावा का मिळू नये, हे मात्र कुणी विचारीत नाही.

१९५७ आणि १९९० साली त्यांचा राष्ट्रपती पदकाने गौरव झाला. तरीही अखेरचे दिवस हलाखीत गेले. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा दवाखान्याचे बिल देणगीतून भागवावे लागले. त्यानंतर २००६ पासून शासन त्यांच्या नावाने ज्येष्ठ तमाशा कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देऊ लागले.

वाचकहो, टाळी म्हणजे मजुरी नव्हे. तुमच्या गावच्या यात्रेत फड येईल, तेव्हा ठरलेली सुपारी पुरती हातात द्या, आणि पडद्यामागच्या बायाबापड्यांना माणुसकीने वागवा. विठाबाईंची खरी आठवण तीच.