काढून टाकलेलं परत कोण आणतं?

ब्राउझर उघडावा तर नेहमीच्या सर्चऐवजी भलतंच पान समोर. सेटिंगमध्ये जाऊन ते बदलावं, अनोळखी एक्स्टेन्शन दिसलं तर तेही उडवावं, आणि दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केला की पुन्हा जैसे थे! अँटिव्हायरस चालवला तर तो 'धोका आढळला नाही' असं सांगून मोकळा होतो. शेवटी वैतागून माणूस ब्राउझरच काढून नव्याने टाकतो. पण भिंतीवरची ओल रंगवून जात नाही. गळती गच्चीत असते. ब्राउझरमध्ये दिसतो तो नुसता डाग. तो पुन्हा पुन्हा उमटवणारी गोष्ट विंडोजमध्ये, गूगलच्या खात्यात किंवा थेट वायफायच्या राउटरमध्ये बसलेली असू शकते. म्हणून असा चिवट 'हायजॅकर', म्हणजे ब्राउझरची सेटिंग परस्पर बदलणारा प्रोग्राम, काढताना 'हा काय आहे?' यापेक्षा 'याला परत कोण आणतं?' हा प्रश्न जास्त कामाचा ठरतो.

सर्चमागचा धंदा

या प्रोग्रामना तुमच्या फायली नको असतात, तुमचे शोध हवे असतात. तुम्ही टाइप केलेला शब्द आपल्या पानावरून फिरवून मोठ्या सर्च इंजिनकडे पाठवायचा, वाटेत जाहिरातींचं कमिशन खिशात घालायचं आणि तुमच्या सवयींची नोंद ठेवायची, असा हा व्यवहार आहे. २०१७मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने उजेडात आणलेला 'फायरबॉल' याच जातीचा. बीजिंगच्या राफोटेक या डिजिटल मार्केटिंग कंपनीशी त्याचा संबंध जोडला गेला. जगभरात २५ कोटी संगणक बाधित असून त्यांतले सर्वाधिक, सुमारे २ कोटी ५३ लाख, भारतात आहेत, असा चेक पॉइंटचा अंदाज होता. हा आकडा फुगवलेला असल्याचं मायक्रोसॉफ्टने म्हटलं. पद्धतीबद्दल मात्र वाद नव्हता. फायरबॉल फुकटच्या सॉफ्टवेअरसोबत गुपचूप येई, होमपेज बदले आणि त्याचं बनावट सर्च इंजिन तुमचा शोध याहू किंवा गूगलकडे ढकले. उत्तरं खरीच मिळत असल्याने अनेकांना काही बिघडलंय असं वाटतही नसे.

अँटिव्हायरस गप्प राहण्याचं कारणही इथेच आहे. इन्स्टॉल करताना 'नेक्स्ट, नेक्स्ट, आय ॲग्री' असं आपणच दाबलेलं असतं. कागदोपत्री संमती आहे म्हटल्यावर अशा प्रोग्रामना व्हायरस न म्हणता 'संभाव्य नकोसे' या वेगळ्या गटात टाकतात. विंडोज सिक्युरिटीत 'ॲप अँड ब्राउझर कंट्रोल'खाली हा गट अडवण्याची स्वतंत्र कळ आहे. ती चालू आहे ना, एवढं आधी पाहून घ्यावं.

दडी मारण्याच्या जागा

पहिली जागा अगदी डोळ्यांसमोर असते. डेस्कटॉपवरच्या ब्राउझरच्या आयकॉनवर राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा आणि 'टार्गेट'ची चौकट शेवटपर्यंत वाचा. तिथे ब्राउझरच्या 'ईएक्सई' फायलीचं नाव असतं. प्रोफाइल सांगणारा एखादा तुकडा त्यापुढे असू शकतो, पण एखाद्या अनोळखी वेबसाइटचा पत्ता चिकटवलेला दिसला, तर चोर सापडला. सेटिंग कितीही बदला, त्या आयकॉनवरून ब्राउझर उघडला की तेच पान येणार.

दुसरी जागा म्हणजे टास्क शेड्युलर. ठरावीक वेळी ठरावीक प्रोग्राम चालवण्याची ही विंडोजची सोय. 'अपडेट'सारखं साळसूद नाव घेऊन एखादं टास्क तिथे बसतं आणि दर लॉगिनला किंवा दर तासाला आपलं सेटिंग पुन्हा लिहितं. त्याच्या 'ॲक्शन्स'मध्ये कोणती फाइल चालते ते दिसतं. अर्थहीन अक्षरांच्या नावाची फाइल किंवा पॉवरशेलची लांबलचक आज्ञा आढळली, तर संशय घ्यायला जागा आहे.

तिसरी जागा जास्त धूर्त. क्रोमच्या मेनूत तळाशी 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' अशी ओळ येते. कार्यालयाच्या लॅपटॉपवर ती असायचीच. पण घरच्या संगणकाला कुठली आलीय संस्था? कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर एक्स्टेन्शन सक्तीने बसवण्यासाठी कंपन्यांना दिलेली 'पॉलिसी'ची सोय हायजॅकर वापरतो. विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग साठवण्याच्या कोठारात, एक नोंद केली की त्या एक्स्टेन्शनचं 'रिमूव्ह' बटणच निकामी होतं. काही अँटिव्हायरसही ही सोय वापरतात, तेव्हा नोंद उडवण्याआधी ती कोणाची आहे ते तपासावं.

चौथी जागा संगणकाच्या बाहेर आहे, ती म्हणजे सिंक. एक्स्टेन्शन आणि सेटिंग खात्यात साठलेली असतात. संगणक धुऊनपुसून घेतला, लॉगिन केलं, की खात्यातून जुनी घाण पुन्हा उतरते.

पाचवी म्हणजे डीएनएस, वेबसाइटच्या नावावरून तिचा अंकी पत्ता सांगणारी यंत्रणा. 'डीएनएस चेंजर' या मालवेअरने नेमकी हीच बदलली होती, आणि कंपनीचा मूळ पासवर्ड तसाच ठेवलेले घरगुती राउटरही त्याने सोडले नव्हते. नोव्हेंबर २०११मध्ये एफबीआयने त्यामागची टोळी पकडल्याचं जाहीर केलं, तेव्हा शंभराहून अधिक देशांतले सुमारे ४० लाख संगणक तिच्या सर्व्हरना पत्ते विचारत होते. ते सर्व्हर एकदम बंद केले असते, तर या लोकांचं इंटरनेटच ठप्प झालं असतं. म्हणून न्यायालयाच्या परवानगीने त्यांच्या जागी स्वच्छ सर्व्हर बसवले गेले आणि ९ जुलै २०१२पर्यंत ते चालवावे लागले.

क्रम चुकला की मेहनत वाया

सफाई सुरू करण्याआधी एक साधी शक्यता निकालात काढावी. पडद्याच्या कोपऱ्यात 'तुमचा संगणक बाधित आहे' अशा चिठ्ठ्या येत असतील, तर अनेकदा तो मालवेअर नसतोच. कधीतरी एखाद्या साइटला 'अलाउ' म्हटलेलं असतं. ब्राउझरच्या साइट सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची परवानगी काढली की काम झालं. त्या चिठ्ठीतल्या नंबरवर फोन मात्र करू नये. फोन करून पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला कळवावं.

खरंच हायजॅकर असेल, तर महत्त्वाच्या फायलींची प्रत बाहेर काढून ठेवा, त्या संगणकावरून बँकेचे व्यवहार थांबवा आणि सिंक बंद करा. मग प्रोग्रामची यादी तारखेनुसार लावून, त्रास सुरू झाला त्या सुमाराला आलेलं नकोसं सॉफ्टवेअर काढा. त्यानंतर टास्क आणि स्टार्टअप. मायक्रोसॉफ्टचं 'ऑटोरन्स' हे मोफत साधन विंडोजसोबत आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टी एकाच यादीत दाखवतं. नीट न ओळखलेली नोंद पुसू नका, नुसती टिक काढा. चूक झाली तर परत लावता येते. पुढे पॉलिसी, मग शॉर्टकट, आणि ब्राउझर रीसेट सर्वांत शेवटी. बहुतेक जण रीसेटपासून सुरुवात करतात आणि मागे जिवंत राहिलेलं टास्क तासाभरात सगळं उलटवून टाकतं.

यानंतर स्कॅन. विंडोजमधल्याच डिफेंडर या अँटिव्हायरसचा 'ऑफलाइन स्कॅन' विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी करतो, त्यामुळे मालवेअरला स्वतःचा बचाव करायला वाव मिळत नाही. सोबत 'ॲडडब्ल्यूक्लीनर' चालवावा. तो याच नकोशा गटासाठी बनलेला आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावरही मोफत साधनं आहेत. घरातल्या सगळ्या उपकरणांवर एकच त्रास दिसत असेल, तर राउटर रीसेट करून त्याचा पासवर्ड बदला. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड मात्र सफाई संपल्यावर किंवा दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून बदला, आणि सगळीकडून साइन आउट करा.

प्रोग्राम काढला म्हणजे त्याने केलेले बदल गेले, असंही धरून चालू नये. लेनोव्होच्या काही लॅपटॉपवर २०१४मध्ये 'सुपरफिश' हे जाहिरातींचं सॉफ्टवेअर कारखान्यातूनच आलं होतं. सुरक्षित साइटवरही जाहिराती घुसवता याव्यात म्हणून ते स्वतःचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे साइट खरी असल्याची ग्वाही ब्राउझरला देणारा मूळ दाखला, बसवत असे. सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल केलं तरी हे सर्टिफिकेट मागे राही, आणि सगळीकडे एकच किल्ली वापरलेली असल्याने कोणालाही बँकेची खोटी साइट खरी म्हणून खपवता आली असती. फेब्रुवारी २०१५मध्ये किल्लीचा पासवर्ड उघड झाला आणि काढून टाकण्याचं वेगळं साधन लेनोव्होला द्यावं लागलं.

पुढचं दार बंद ठेवणं सोपं आहे. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर नको, आणि इन्स्टॉल करताना 'कस्टम' निवडून नको त्या चौकटींवरची टिक काढावी. मराठी टायपिंगसाठी कुठल्या तरी साइटवरून काहीबाही उतरवण्याचीही गरज उरलेली नाही. २०१९पासून विंडोज १०मध्ये मराठीचा उच्चारानुसारी कीबोर्ड आहेच.

एवढं सगळं करूनही, दोन-तीनदा रीस्टार्ट केल्यावर किंवा दिवसभराने तेच पान परत आलं, तर शोधाशोध थांबवावी. आपल्याला न सापडलेली एखादी जागा उरली आहे, आणि तिच्यामागे आठवडा घालवण्यापेक्षा विंडोज नव्याने टाकणं स्वस्त पडतं. तेव्हाही सिंक घाईने सुरू करू नका. आधी खात्यातली एक्स्टेन्शनची यादी तपासा, नको ते काढा, मगच लॉगिन करा.