भिजलेली मोटर: आधी मेगर, मगच स्विच

जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरारमध्ये काय झालं ते आठवतंय ना? पाणी शिरलेल्या गाळ्यातली मोटर आली की गिऱ्हाईक म्हणतं, "वरून सुकलीय, लावा चालू." लावू नका! आत ओल असेल तर वाइंडिंग जळेल, बॉडीत करंटही येईल.

४१५ व्होल्टच्या मोटरला ५०० व्होल्ट डीसीचा मेगर लावा. त्याआधी मेन स्विच बंद करून कुलूप घाला, सप्लाय नाही हे मीटरने तपासा आणि मोटरच्या वायरी सोडवा. ड्राइव्ह जोडलेला राहिला तर तो उडेल.

एक लीड वाइंडिंगला, दुसरी बॉडीच्या रंग खरवडलेल्या जागी. टेस्ट चालू असताना कुणीही हात लावायचा नाही. रीडिंग एक मिनिटानंतरचं धरा. आयईईई ४३ या मानकात अशा लहान मोटरसाठी ४० अंश तापमानाला किमान ५ मेगोहम सांगितलेत. गरम मोटर कमी दाखवते. दर १० अंशांना रीडिंग साधारण निम्मं होतं. कमी आलं तर सुकवा, परत मोजा.

सगळ्यात महत्त्वाचं: मेगर काढला तरी वाइंडिंगमध्ये चार्ज उरतो. टेस्टच्या निदान चौपट वेळ, म्हणजे इथे चार मिनिटं, वाइंडिंग अर्थला जोडून ठेवा, मगच हात लावा.

रीडिंग, तापमान, तारीख बिलावर लिहा. गिऱ्हाइकाने घाई केली तर तोच आकडा दाखवा. धंदा उद्याही करायचाय, माणूस शाबूत हवा.