मारू की नको? पेशीतला स्विच

बायोलॉजी नको म्हणून इंजिनिअरिंगला आलेल्यांपैकी मीही एक! पण मी जामखेडचा. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तिथे सुरू केलेल्या प्रकल्पात खेड्यातल्या निरक्षर बायका आरोग्यसेविका झाल्या, टीबी आणि कुष्ठरोग गावाला समजावू लागल्या. मग आपल्याला एक पेशी समजायला काय हरकत आहे?

रक्तात ‘किलर टी’ पेशी गस्त घालत असतात. विषाणू शिरलेली किंवा कॅन्सरची पेशी ओळखली की तिला चिकटतात. दारूगोळा तयारच असतो. परफोरिन समोरच्या पेशीच्या आवरणाला भोकं पाडतं आणि ग्रॅन्झाइम आत शिरून तिला मरायला लावतं. खरा प्रश्न ट्रिगरचा आहे. दाबला नाही तर कॅन्सर वाढतो, चुकीचा दाबला तर आपलीच निरोगी पेशी जाते.

हा ट्रिगर एन्झाइमांच्या हातात असतो. रिसेप्टरने ओळख पटवली की ‘एलसीके’ नावाचं कायनेज त्याच्या आतल्या शेपटीवर फॉस्फेट चिकटवतं. तिथे ‘झॅप-७०’ हे दुसरं कायनेज येऊन बसतं, चालू होतं. मग पेशीत कॅल्शियम वाढतं आणि दारूगोळ्याच्या पिशव्या शत्रूच्या बाजूला सरकतात. सगळा खेळ मिनिटांचा! झॅप-७० जन्मतःच बिघडलेल्या मुलांत किलर टी पेशी जवळजवळ नसतातच, हे १९९४ मध्ये कळलं.

आणि ब्रेक? ‘एसएचपी-२’सारखी फॉस्फटेज चिकटवलेले फॉस्फेट काढून टाकतात. पेशीवरचं ‘पीडी-१’ हे बटण दाबलं की ती कामाला लागतात. लबाड कॅन्सर नेमकं तेच बटण दाबून वाचतो.

आता आपल्या लायनीची गोष्ट. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून ‘नेक्सकार-१९’ तयार झालं. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. पेशंटच्याच टी पेशी बाहेर काढून त्यांत नवा रिसेप्टर बसवतात. तो रक्ताच्या काही कॅन्सरमधल्या पेशींवरची सीडी-१९ ही खूण ओळखतो. सेन्सर नवा, पण आतली शेपटी तीच, म्हणजे झॅप-७० चं वायरिंग जुनंच! मला तरी यातली हुशारी इथेच वाटते.

या पेशी बेफाम झाल्या तर? डॅसॅटिनिब ही ब्लड कॅन्सरची जुनी गोळी एलसीकेलाच अडवते. २०१९ मध्ये उंदरांवर दिसलं, की औषध दिलं की पेशी थांबतात आणि बंद केलं की परत कामाला लागतात.

परदेशात काही कोटींना पडणारा हा उपचार इथे बाजारात आला तेव्हा तीस-चाळीस लाखांच्या घरात होता. जामखेडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला तेवढ्यासाठी अख्खं शिवार विकावं लागेल.