आरमाराचे डोळे

आरमारी इतिहासात कीर्तीचा मोठा वाटा दुमजली-तिमजली तोफखान्याच्या अवजड जहाजांच्या पदरी पडला असला, तरी ज्या नौकांवाचून ती जहाजे आंधळी ठरत, त्या फ्रिगेटींचा विचार मनात आला की माझे लक्ष प्रथम मुंबईच्या गोदीकडे वळते. नेपोलियनशी चाललेल्या दीर्घ युद्धामुळे इंग्लंडात ओकच्या लाकडाचा तुटवडा पडला, तेव्हा ‘त्रिंकोमाली’ या फ्रिगेटीचे काम जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्याकडे आले. तिचे नकाशे घेऊन निघालेली ‘जावा’ ही फ्रिगेट १८१२च्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या फ्रिगेटीच्या हाती लागली, आणि नवे नकाशे येईतो बांधणी खोळंबली. अखेर १८१६ साली पारशी रिवाजानुसार तिच्या पठाणात, म्हणजे तळाच्या कण्यात, चांदीचा खिळा ठोकला गेला आणि पुढल्या वर्षी मलबारी सागाची ती नौका पाण्यात उतरली. इंग्लंडातील हार्टलपूल बंदरात ती आजही तरंगते आहे, हे त्या सुतारांच्या हाताचे केवढे प्रमाण!

फ्रिगेटीचे मर्म तिच्या बांधणीत होते. १७४०च्या सुमारास फ्रेंच बांधकारांनी पाण्यालगतचा मजला तोफांविना मोकळा ठेवून सारा मुख्य तोफखाना वरच्या एकाच मजल्यावर मांडला. त्यामुळे खवळलेल्या समुद्रात दुमजली जहाजाला खालच्या तोफांची दारे मिटून घ्यावी लागत, तेव्हाही फ्रिगेटीच्या तोफा चालत. शत्रूचा माग काढणे, खलिते पोचवणे, धुराबाहेर उभे राहून सरदाराच्या निशाणांचे इशारे साऱ्या रांगेला दाखवणे, व्यापारी तांड्याला सोबत करणे, ही सारी तिचीच चाकरी. १७९८ साली तुफानात इंग्रज नौसेनानी नेल्सनची त्याच्या फ्रिगेटींशी ताटातूट झाली, आणि नेपोलियनचा प्रचंड काफिला रात्रीच्या अंधारात जवळून निघून गेला तरी त्याला कळले नाही; तो अलेक्झांड्रियाला शत्रूच्याही आधी पोचला आणि बंदर रिकामे पाहून परतला. पुढे अबुकीरला त्याने याच काफिल्यावर मिळवलेल्या विजयापेक्षा हीच हुकलेली गाठ मला फ्रिगेटीची खरी थोरवी सांगणारी वाटते.

वाफेच्या आणि पोलादाच्या युगात हे नाव मागे पडले. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्या अटलांटिकमधील रसद बुडवू लागल्या, तेव्हा ब्रिटिशांनी तांड्यांच्या रक्षणासाठी बांधलेल्या नव्या नौकांना तेच नाव पुन्हा दिले, आणि पाणबुडीचा शोध हे तिचे प्रमुख कर्तव्य झाले.

त्याच कर्तव्यावर ‘खुकरी’ ही आपली लहानशी फ्रिगेट ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवजवळच्या समुद्रात होती. ज्या पाकिस्तानी पाणबुडीच्या मागावर ती निघाली होती, त्या ‘हंगोर’च्याच पाणतीराने तिचा घात केला. १८ अधिकारी आणि १७६ खलाशी नौकेबरोबर गेले. कप्तान महेंद्रनाथ मुल्ला यांनी आपले जीवरक्षक जाकीट दुसऱ्याला देऊन नौका सोडण्याचे नाकारले. दीवच्या किनाऱ्यावर काचेच्या पेटीत तिची छोटी प्रतिकृती ठेवली आहे. समोर तोच समुद्र आहे.