उतारावरची गाडी

देवणीचा बैल आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. काळे-पांढरे अंग, लोंबते कान, कामाला भक्कम. पण भरली गाडी उतारावर आली की तोही जेरीस येतो. चढ ओढताना घाम फुटतो, हे समजते. उतारावर गाडी आवरताना का फुटावा? तेच आम्ही आज सांगणार आहोत.

चढावर बैल जोर लावतात. थोडा जोर कणा आणि चाक घासण्यात जातो. बाकीचा गाडीत साठून राहतो. गाडी जितकी उंच, तितकी साठवण मोठी. या साठवणीला ऊर्जा म्हणतात. ऊर्जा नाहीशी होत नाही. तिचे फक्त रूप बदलते. उतारावर तीच ऊर्जा वेग होऊन बाहेर पडते.

गाडीवरचे ओझे नुसते पुढे जाते. चाकाला मात्र दोन कामे. ते पुढे जाते आणि फिरतेही. म्हणून त्याच्या ऊर्जेचे दोन वाटे पडतात.

घरी करून पाहा. एक रुंद फळी थोडी तिरपी ठेवा. वरून एक बांगडी आणि एक गोटी एकदम सोडा. दोन्ही गडगडत जातील, पण गोटी आधी पोचेल. असे का? बांगडीचे सारे वजन कडेला असते. तिची निम्मी ऊर्जा फिरण्यातच जाते. गोटी आतून भरीव असते. तिच्या ऊर्जेचे सात वाटे केले, तर दोन फिरण्यात जातात आणि पाच पुढे जाण्याला मिळतात. बेरीज मात्र दोन्हीकडे पुरी भरते.

आपल्या गाडीचे चाक बांगडीसारखे. जड पाटे आणि लोखंडी धाव कडेलाच असते. म्हणून गाडी थांबवायची तर ओझ्याचा वेग मोडावा लागतो आणि चाकाचे फिरणेही. हे सगळे बैलांच्या मानेवर येते. त्यातही वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. मग गाडी आवरत नाही. बैल पडतात, माणसे चिरडतात.

तेव्हा उतार लागण्यापूर्वीच गाडी हळू करा. ओझे बेताचे भरा. बसलेल्यांना खाली उतरवा. ब्रेक असेल तर तो वरपासूनच लावा. ब्रेक तापतो, कारण वेगाची ऊर्जा तिथे उष्णता होऊन जाते. ती बैलाच्या अंगावर जात नाही. गाडीपुढे कोणालाही चालू देऊ नका. आणि उतारावर गाडी उभी केली, तर चाकाखाली दगड लावायला विसरू नका.